‘व्हिडिओ फिरूनच राहिला, मॅडम!’ : लहान कॉलेजांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल वाचकांचे प्रश्न

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या लहान कॉलेजांमधून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले. काहींना चार ओळींचं उत्तर पुरेसं होतं, तिथे तेवढंच दिलं.

प्रश्न : आमचं कला-वाणिज्य कॉलेज विनाअनुदानित आहे. बी.ए.चे प्रवेश दरवर्षी घटताहेत. संस्थाचालक म्हणतात, बी.ए. ऑनलाइन सुरू करा, म्हणजे पार गडचिरोलीपर्यंतची मुलं मिळतील. आम्हाला तसं करता येईल का? (प्राचार्य, उमरेड)

नाही. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजला स्वतःची ऑनलाइन पदवी देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे २०२०चे नियम ही मुभा अटींत बसणाऱ्या विद्यापीठांना देतात. ‘ऑनलाइन बी.ए.’चं फ्लेक्स चौकात लागलं आणि पुढे ती पदवी कुणी ग्राह्य धरली नाही, तर भोगावं लागेल ते विद्यार्थ्याला. संस्थाचालकांना हे टिपण लेखी द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या सभेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुमच्या हातात काय आहे? नियमित पदवीच्या विषयांना ऑनलाइन जोड देता येते. ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचे कोर्स क्रेडिटसाठी घेता येतात (त्याचं पुढच्या उत्तरात). आणि कॉलेजचा स्वतःचा ३० तासांचा प्रमाणपत्र कोर्स चालवता येतो. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कागदपत्रांत मूल्यवर्धित कोर्स म्हणून दाखवायलाही किमान ३० तासच लागतात. घरी बसूनच पदवी हवी असलेल्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहेच. त्याचं अभ्यासकेंद्र कॉलेजात घेता येतं का, ते तपासा.

आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षी एकच प्रमाणपत्र कोर्स करा, ६० विद्यार्थ्यांपुरता. विषय असा निवडा, ज्याचा शिक्षक कॉलेजात आहे आणि ज्याचं मराठी साहित्य नेटवर धड मिळत नाही. टॅलीचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडले आहेत, त्यांत आणखी एकाची भर कशाला? त्यापेक्षा ग्रामपंचायतीचे नमुना १ ते ३३ कसे भरायचे, पतसंस्थेचे हिशेब कसे लिहायचे, असा कोर्स उमरेड, भिवापूर, कुहीच्या मुलांना थेट उपयोगी पडेल. ३० तास सहा आठवड्यांत बसतात, आठवड्याला पाच तास. त्यात व्हिडिओ पाऊण तास, वाचन एक तास, गृहपाठ दीड तास, चाचणी अर्धा तास आणि समोरासमोर किंवा लाइव्ह शंकानिरसन सव्वा तास. व्हिडिओचा वाटा इतका लहान का ठेवला, ते तिसऱ्या उत्तरात कळेल. एक मात्र आताच सांगून ठेवा : या कोर्सने बी.ए.चे प्रवेश वाढणार नाहीत.

प्रश्न : आमच्या २३ विद्यार्थ्यांनी ‘स्वयं’वरचे कोर्स केले. काहींना सर्टिफिकेट मिळालं, पण गुणपत्रिकेवर क्रेडिट आलेच नाहीत. काहींचं तर सर्टिफिकेटही आलं नाही. चूक कुठे झाली? (वाणिज्य विभाग, काटोल)

बहुधा कामांचा क्रम चुकला. ‘स्वयं’वरचा कोर्स कोणत्या पेपरच्या बदल्यात चालेल हे कॉलेज ठरवत नाही. ते विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या आणि विद्वत परिषदेच्या हातात असतं. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्के कोर्सपर्यंत ही सवलत देता येते, पण तो विशिष्ट कोर्स विद्यापीठाने मान्य केलेला असावा लागतो. म्हणून सत्र सुरू होण्याआधी विद्यापीठाची मान्य यादी हातात घ्या, त्यातला कोर्स निवडा, कोर्सचं नाव आणि कोड लिहून विभागप्रमुख व प्राचार्यांची सही घ्या, आणि मगच मुलांची नावनोंदणी करा. आधी कोर्स करून नंतर समकक्षता मागितली, तर फाइल फिरत राहते.

क्रेडिटची बेरीजही बघा. एनपीटीईएलचा (‘स्वयं’वर आयआयटींचे कोर्स चालवणाऱ्या उपक्रमाचा) ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा २ आणि १२ आठवड्यांचा ३ क्रेडिटचा असतो. दोन क्रेडिटच्या पेपरसाठी चार आठवड्यांचा कोर्स केला, तर तो अर्धाच भरतो. शीर्षक जुळलं म्हणून मुलं हुरळतात आणि इथे फसतात.

सर्टिफिकेट न येण्याचं नेहमीचं कारण असं : नावनोंदणी फुकट आहे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची तारीख वेगळी आणि फी वेगळी. एनपीटीईएलची फी कोर्समागे १००० रुपये आहे. मुलांना वाटतं, एकदा नाव घातलं की झालं. परीक्षा दिली तरी दोन अटी स्वतंत्रपणे पार कराव्या लागतात : गृहपाठात २५पैकी १० आणि परीक्षेत ७५पैकी ३०. परीक्षेत ६० मिळाले आणि गृहपाठात ८, तरी सर्टिफिकेट नाही. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारांपैकी सर्वोत्तम आठ गृहपाठ धरतात, म्हणजे चार चुकले तर चालतं. पाचवा चुकला की त्या जागी शून्य बसतं. सुरुवातीचे तीन आठवडे ‘नंतर करू’ म्हणून घालवणाऱ्यांचं गणित इथेच बिघडतं.

कॉलेजचं एनपीटीईएलचं ‘लोकल चॅप्टर’, म्हणजे स्थानिक केंद्र, नसेल तर नोंदवा. त्याच्या स्पॉकला, म्हणजे नेमून दिलेल्या प्राध्यापकाला, आपली कोणती मुलं कुठे मागे आहेत ते बघता येतं. यादी दर सोमवारी काढून विभागाच्या फळ्यावर लावा.

नावांची भानगड राहिली. आधार, दहावीची गुणपत्रिका, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि ‘स्वयं’चं खातं या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं हवं. आपल्याकडे एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसरीकडे गळलेलं असतं आणि लग्न झालेल्या मुलीचं आडनाव तिसरंच. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होतात त्या डिजिटल खात्यात) क्रेडिट अडकतात ते अशामुळेच. नावनोंदणीच्या दिवशीच चार झेरॉक्स शेजारी ठेवून तपासा. परीक्षा केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची असते. हॉल तिकिटावर सकाळची वेळ असेल तर नरखेडकडच्या मुलांनी एसटीचा भरवसा न धरता आदल्या रात्रीची नागपुरातली सोय बघून ठेवावी.

प्रश्न : मी फोनवर वर्गातली ४५ मिनिटांची लेक्चर्स रेकॉर्ड करून टाकते. कुणी शेवटपर्यंत बघत नाही. विचारलं की मुलं म्हणतात, ‘व्हिडिओ फिरूनच राहिला, मॅडम.’ आवाजही घुमतो. महागडा कॅमेरा घ्यावा का? (भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, भंडारा)

कॅमेरा घेऊ नका. फोनचा कॅमेरा पुरेसा आहे. अडचण फाइलच्या वजनात, आवाजात आणि लांबीत आहे.

आधी वजन. फोनवर १०८०पीमध्ये केलेलं चित्रण मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे एमबी खातं. ४५ मिनिटांचे पाच जीबीच्या आसपास होतात. मुलाच्या फोनवर दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यातही घरातल्या दोघांचं भागवायचं. व्हिडिओ मध्येच थांबून चक्र फिरत राहणारच. ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर लॅबच्या संगणकावर टाका आणि हे सेटिंग ठेवा : एच.२६४, उंची ४८०, सेकंदाला १५ फ्रेम, क्वालिटीचा आकडा २६ (इथे आकडा वाढला की फाइल लहान होते, उलटं समजू नका), आवाज मोनो, ६४ केबीपीएस. स्लाइड किंवा कागदावर लिहिलेली गणितं असतील तर मिनिटाला दोन-तीन एमबी, म्हणजे आठ मिनिटांचा व्हिडिओ वीसेक एमबीत बसतो. मात्र प्रयोगाचं चित्रण असेल, लोलक हलतोय किंवा काटा फिरतोय, तर १५ फ्रेमने झटके दिसतील. तिथे २५ ठेवा. त्याच व्हिडिओचा नुसता आवाज वेगळा काढून द्या, आठ मिनिटांचे चार एमबीसुद्धा होत नाहीत. शेतावर जाता-येता मुलं तो ऐकतात. टाकण्यापूर्वी स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, हात लांब करून बघा. स्लाइडवरचं सगळ्यांत बारीक अक्षर वाचता आलं नाही, तर टाईप वाढवा. २८ पॉइंटच्या खाली उतरू नका आणि एका स्लाइडवर सातापेक्षा जास्त ओळी नकोत.

आता आवाज. चित्र थोडं धूसर असलं तरी मुलं बघतात. आवाज वाईट असला की पहिल्या मिनिटात बंद करतात. नागपुरात बर्डीवर हजार रुपयांच्या आत-बाहेर वायरचा कॉलर माइक मिळतो, तो घ्या आणि हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. घेताना पिन बघा. फोनला लागणाऱ्या ३.५ मिलिमीटरच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. दोन रेघांची पिन फोनला लावली तर फोन काहीच तक्रार करत नाही, गुपचूप स्वतःचा माइक वापरतो आणि तुम्हाला वाटतं, माइकनेच आवाज घुमतोय. खात्री करायची तर रेकॉर्डिंग चालू ठेवून माइकच्या टोकावर नखाने खरवडा आणि ऐका. खरखर मोठी आली तर माइक चालू आहे. हेडफोनचं भोकच नसलेला फोन असेल तर टाइप-सी माइक मागा.

खोलीसुद्धा निवडावी लागते. रिकामा वर्ग, गुळगुळीत भिंती, सिमेंटचा फळा, यांत आवाज आपटून परत येतो. ग्रंथालयाचा कोपरा उत्तम, कारण पुस्तकांनी भरलेली कपाटं आवाज शोषतात. ते जमत नसेल तर बोलणाऱ्याच्या समोर आणि पाठीमागे जाड सतरंज्या टांगा. आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये तो बंद करून बसणं अशक्य आणि चालू ठेवून रेकॉर्ड करणंही अशक्य. म्हणून त्या दोन महिन्यांत संहिता लिहा, रेकॉर्डिंग सकाळी सात ते साडेआठमध्ये उरका, किंवा सरळ डिसेंबर-जानेवारीत करा. पंख्याची हलकी घरघर राहिलीच तर सुरुवातीला पाच सेकंद न बोलता रेकॉर्ड करा. ‘ऑडॅसिटी’त तेवढा तुकडा नमुना म्हणून निवडून नॉइज रिडक्शन चालवता येतं. ते एकदाच आणि हलकं द्या. दोन-तीनदा दिलं की पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येतो.

भौतिकशास्त्राची गणितं चेहरा दाखवून शिकवायची गरज नाही. फोन स्टँडला आडवा अडकवून कागदावर सरळ खाली तोंड करा, कागद ए-फोर, जाड काळा मार्कर, उजेड लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने. नाहीतर हाताची सावली नेमकी समीकरणावर पडते. फोकस आणि उजेड लॉक करा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. सहाव्या मिनिटाला कुणाचा तरी फोन येतो आणि चांगलं चाललेलं रेकॉर्डिंग तुटतं.

लांबीचा हिशेब सगळ्यांत महत्त्वाचा. एका व्हिडिओत एकच संकल्पना, सहा ते आठ मिनिटं. आठ मिनिटांना मराठीत आठ-नऊशे शब्दांची संहिता लागते. लिहिणं, स्लाइड, रेकॉर्डिंग, कापाकापी धरून एका माणसाचा एक पूर्ण दिवस जातो. ३० तासांच्या कोर्समध्ये आठवड्याला पाऊण तास व्हिडिओ म्हटलं तरी सहा आठवड्यांचे २७० मिनिटं होतात, म्हणजे चौतीस व्हिडिओ, चौतीस दिवस. तासिका, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी सांभाळून हे होत नाही आणि सातव्या-आठव्या व्हिडिओनंतर बहुतेक कॉलेजांचं काम थांबतं. म्हणून विषयातल्या नेमक्या दहा-बारा अडणाऱ्या जागा शोधा, जिथे दरवर्षी मुलं अडखळतात, आणि तेवढ्याच स्वतः करा. बाकीच्यासाठी ‘स्वयं’वरचा किंवा ई-पीजी पाठशाळा या यूजीसीच्या साइटवरचा तयार भाग द्या. फक्त ‘हा एक तासाचा व्हिडिओ बघा’ असं लिहू नका. ‘१२व्या मिनिटापासून १९व्या मिनिटापर्यंत बघा, मग हे दोन प्रश्न सोडवा’ असं लिहा.

प्रश्न : ३२० विद्यार्थ्यांसाठी शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साइट असलेल्या सामायिक सर्व्हरवर) मूडल हे कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं आहे. एरवी नीट चालतं, पण युनिट टेस्ट ११ वाजता सुरू झाली की पाच मिनिटांत साइट झोपते. होस्टिंग कंपनी म्हणते, मोठा प्लॅन घ्या. (संगणक विभाग, सावनेर)

आधी परीक्षेची वेळ बदला, पैसे नंतर खर्च करा. मूडलच्या दस्तऐवजांत जुना ठोकताळा आहे : एकाच वेळी वापरणाऱ्या १० ते २० जणांमागे १ जीबी रॅम. ३२० मुलं रोजच्या दिवशी विखुरलेली असतात, एका क्षणी पंधरा-वीसच्या वर नसतात. ११ वाजता मात्र सगळी एकदम ‘अटेम्प्ट’ दाबतात आणि या ठोकताळ्याने १६ ते ३२ जीबी लागतील. वर्षातल्या चार तासांसाठी एवढा सर्व्हर कोण पोसणार? चाचणी सकाळी ८ ते रात्री ८ उघडी ठेवा आणि सोडवायला प्रत्येकी ३० मिनिटं द्या. एकाच वेळी घ्यायचीच असेल तर ४०-४० चे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी वेळ द्या. मूडलमध्ये चाचणीच्या ‘ग्रुप ओव्हरराइड’मध्ये ते करता येतं. एका पानावर एकच प्रश्न ठेवला तर प्रत्येक प्रश्नाला सर्व्हरकडे फेरी होते, पाच-पाच प्रश्न ठेवा. आणि चाचणीच्या पानावर फोटो नकोत. असलेच तर ५० केबीच्या आत.

तरीही शेअर्ड होस्टिंग कायमचं ठेवू नका, पण कारणं वेगळी आहेत. मूडलचं ‘क्रॉन’, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप होणारी कामं, दर मिनिटाला चालावं लागतं. स्वस्त होस्टिंगवर ते पंधरा मिनिटांनी किंवा तासाने चालू देतात. मग वेळ संपूनही मुलाचा पेपर आपोआप जमा होत नाही, सूचनांचे मेल दुपारी लिहिलेले रात्री जातात आणि तुम्ही मुलाशी वाद घालत बसता. दुसरं, मुलांच्या फाइली साठवणारं ‘मूडलडेटा’ हे फोल्डर वेबवरून उघडता येणाऱ्या जागेत असता कामा नये. घाईत बसवणारे ते ‘पब्लिक एचटीएमएल’मध्येच टाकून मोकळे होतात आणि मुलांचे गृहपाठ कुणालाही दिसायची सोय होते. आजच तपासा. तिसरं, पीएचपीतलं (मूडल ज्या भाषेवर चालतं तिच्यातलं) ‘मॅक्स इनपुट व्हार्स’, म्हणजे एका वेळी किती रकाने स्वीकारायचे ती मर्यादा, ५००० करा. नाहीतर मोठी गुणतालिका सेव्ह करताना खालच्या ओळी गळतात. ४ जीबी रॅमचा लहान व्हीपीएस (फक्त तुमच्यासाठी राखलेला सर्व्हरचा हिस्सा) तुमच्या संख्येला पुरेल.

व्हिडिओ मूडलमध्ये चढवू नका. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (दुवा असलेल्यालाच दिसेल असं) ठेवून दुवा द्या. नेट कमी असेल तर यूट्यूब आपणहून दर्जा उतरवतं, तुमचा सर्व्हर तसं करणार नाही. शिवाय बॅकअप फुगत नाही.

खाती तयार करताना एक्सेलची फाइल सीएसव्हीमध्ये टाकता ना? ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, साधा सीएसव्ही निवडला तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि पासवर्डचे मेल साध्या जीमेल खात्यातून पाठवत असाल तर दिवसाला ५००ची मर्यादा आहे. दोन वर्गांची खाती एका दिवशी काढली, मग एक फोरमची सूचना गेली, की ते खातं अडकतं. निम्म्या मुलांना मेल येतच नाही आणि सगळे ‘स्पॅम बघा’ म्हणत बसतात.

बॅकअप म्हणजे तीन गोष्टी एकत्र : डेटाबेस, मूडलडेटा आणि मूडलचा कोड. रोज रात्री घ्या, प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. दर सत्राला एकदा दुसऱ्या संगणकावर तो बॅकअप चढवून खरंच उघडतो का ते बघा.

डोमेन कुणाच्या नावावर आहे, तेही विचारून ठेवा. ते बसवून देणाऱ्याच्या खात्यावर असतं आणि ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या सरांच्या मोबाइलवर जातो, असं फार दिसतं. ‘एसी.इन’ किंवा ‘ईडीयू.इन’ डोमेन अर्नेटकडून कॉलेजच्या नावाने मिळतं, तेच घ्या. अ‍ॅडमिनचे अधिकार दोघांकडे असावेत, त्यांतला एक कायम कर्मचारी.

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षांच्या नोट्स कृतीदेवमध्ये आहेत. मुलांच्या फोनवर ते सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. पुन्हा टाईप करायचं का? (मराठी विभाग, रामटेक)

नको. कृतीदेवच्या फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फोनवर तो फॉन्ट नसतो. कृतीदेव ते युनिकोड रूपांतर करणारी साधनं मोफत मिळतात. रूपांतराला वेळ लागत नाही, मुद्रितशोधनाला लागतो. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाईप होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट. त्यामुळे ‘स्थिती’, ‘क्रिया’, ‘मूर्ती’, ‘वर्णिले’ असे शब्द आधी तपासा. त्यानंतर ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’मधला ऱ्य, आणि अवतरणचिन्हं. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर रूपांतरात त्यांचंही ‘मराठी’ होऊन बसतं, ते आधी बाजूला काढा. उद्याच नोट्स द्यायच्या असतील तर वर्डमधून पीडीएफ करा. फॉन्ट आत बसतो आणि दिसतं नीट, पण शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही.

जाता जाता : मूडलमध्ये ‘एकेन’ (Aiken) या साध्या मजकूर-फाइलच्या पद्धतीने प्रश्न चढवताना फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. प्रश्न आणि पर्यायांचा मजकूर मराठीत चालतो, पण पर्यायांची अक्षरं आणि शेवटचा ‘आन्सर’ हा शब्द इंग्रजी मोठ्या लिपीतच हवा. ‘उत्तर :’ लिहिलंत तर फाइल परत येते. एक प्रश्न एकाच ओळीत हवा, कवितेच्या दोन ओळी दिल्या की तिथेच अडतं.

प्रश्न : जुलैत सुरू केलेल्या कोर्सला पहिल्या आठवड्यात ५८ मुलांनी लॉगिन केलं, पाचव्या आठवड्यात १४ उरली. (समन्वयक, मौदा)

जुलै-ऑगस्ट म्हणजे तुमच्याकडे रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. मुलं बांधीत (धानाच्या शेतात) आहेत, आणि घरातला एकमेव चांगला फोन बाबांच्या खिशात शेतावर. कॅलेंडर यूजीसीचं न धरता गावाचं धरा. धानपट्ट्यात रोवणी आटोपल्यावर सुरू करा, काटोल-नरखेडकडे कापूस वेचणीचे आठवडे हलके ठेवा. पोळा आणि तान्ह्या पोळ्याला काही जमा करायला लावू नका.

गृहपाठाची मुदत सोमवारी दुपारी पाच अशी ऑफिसच्या सोयीने ठेवू नका. रविवारी रात्री १२पर्यंत ठेवा, फोन तेव्हा मोकळा असतो. मूडलमध्ये ‘ड्यू डेट’ आणि ‘कट-ऑफ डेट’ वेगळ्या आहेत : पहिली रविवारची, दुसरी मंगळवारची. उशिरा आलेलं लाल दिसतं पण स्वीकारलं जातं. फोटोंचा प्रश्न वेगळाच. वहीच्या सहा पानांचे फोटो पंचवीस-तीस एमबी भरतात आणि तुमची मर्यादा १० एमबीची, मुलगा तीनदा प्रयत्न करून सोडून देतो. पहिल्याच दिवशी वर्गात बसवून फोनमधल्या गुगल ड्राइव्हचा स्कॅन पर्याय दाखवा, सहा पानांची एक पीडीएफ, एक-दोन एमबीत. हे सांगून येत नाही, प्रत्येकाकडून एकदा करून घ्यावं लागतं.

सात दिवस लॉगिन नसलेल्यांची यादी मूडलच्या ‘पार्टिसिपंट्स’मध्ये एका फिल्टरने निघते. त्यांना सामूहिक संदेश टाकू नका, कुणी वाचत नाही. रोज पाच फोन, दोन-दोन मिनिटांचे, आणि नेमकं विचारायचं, ‘कुठे अडलं?’ बहुतेक वेळा पासवर्ड विसरलेला असतो आणि विचारायची लाज वाटत असते. आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं तशीही गावात येतात, त्या दिवशी दुपारी दोन तास संगणक लॅब उघडी ठेवून शंकानिरसन घ्या. आणि फोरमवरच्या प्रश्नाला ४८ तासांत उत्तर गेलं पाहिजे. दोन प्रश्न अनुत्तरित राहिले की तिसरा कुणी विचारत नाही.

सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपऐवजी चॅनेल वापरा. ग्रुपमध्ये मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, चॅनेलवर ते एकमेकांना दिसत नाहीत.

प्रश्न : ऑनलाइन परीक्षेत सर्रास कॉपी होते. कॅमेरा चालू ठेवायला लावावं का? (हिंगणा)

लावू नका. नेट तुटलं की प्रामाणिक मुलगाही संशयित ठरतो आणि एक शिक्षक साठ चौकोन बघू शकत नाही. पुस्तक उघडं ठेवून सोडवायचे प्रश्न द्या, प्रत्येकाला आकडे वेगळे. प्रश्नपेढीत परीक्षेच्या तिप्पट प्रश्न असावेत, म्हणजे २० मार्कांना ६०. मूडल त्यातून प्रत्येकाला वेगळे उचलून देतं. शेवटी तीन मिनिटांची तोंडी : ‘तू लिहिलेली ही पायरी समजावून सांग.’ साठ मुलांना तीन तास लागतात. एका दुपारीत आटोपतं.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर शिकवतो. कॉलेजने माझ्याकडून १४ व्हिडिओ करून घेतले. पुढच्या वर्षी माझी नेमणूक झाली नाही तर ते व्हिडिओ कुणाचे? (नाव नको, नागपूर)

कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७नुसार सेवेच्या करारात, नोकरीचं काम म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक साधारणपणे नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तासिका तत्त्वावरची नेमणूक त्यात बसते की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून लेखी करून घ्या. एका पानावर पाच गोष्टी पुरतात : व्हिडिओंची यादी, वेगळं मानधन किती, व्हिडिओवर तुमचं नाव राहील, कॉलेज ते किती वर्षं वापरू शकेल, आणि तुम्हाला ते दुसरीकडे वापरता येतील का. नेमणूक चालू असतानाच प्राचार्यांची सही घ्या. मूळ संहिता आणि न कापलेलं चित्रण स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. व्हिडिओ तुमच्या खासगी यूट्यूब खात्यावर चढवले असतील तर वाद व्हायच्या आधीच ते कॉलेजच्या खात्यावर पुन्हा चढवा आणि मूडलमधले दुवे बदलून घ्या, कारण जुने दुवे बंद झाले की मूडलमधले सगळे धडे तुटतात आणि मुलांचा कोर्स अर्ध्यावर राहतो.